यंत्राचं गाव

विरकरबाई पडद्याकडे तोंड करून बसत आणि त्यांच्या तोंडून सारे जग बोलत असे. आमच्या साताऱ्याच्या चित्रपट मंडळात परदेशी चित्रपट येत, तेव्हा चित्राच्या तळाशी इंग्रजी अक्षरांची ओळ उमटे. ती वाचून व्हायच्या आत पुसली जाई, आणि आमच्या निम्म्या सभासदांना इंग्रजी वाचताच येत नसे. म्हणून पहिल्या रांगेच्याही पुढे एका बुटक्या स्टुलावर बाई माइक घेऊन बसत आणि ओळ उमटली की तिचे मराठी करून सांगत. बसण्यापूर्वी चपला काढून स्टुलाखाली सारत, पदर खोचून घेत, आणि सभागृहाला उद्देशून एकच वाक्य बोलत: "मी हाय हे इसरून जावा." मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या, एरवी तोलून-मापून शुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या तोंडचे हे माणदेशी वाक्य ऐकून लोक हसत, आणि हसता हसता त्यांना खरोखरच विसरून जात.

'तो म्हणतो', 'ती म्हणते' असे त्या कधी सांगत नसत. ज्याचे वाक्य, त्याच्याच तोंडचे करून बोलत. आणि प्रत्येकाला आपल्या मुलुखातले एखादे गाव देत. फ्रान्समधला पाद्री वाईच्या घाटावरच्या भटजींसारखा सानुनासिक बोले. इटलीतला चोर कराडच्या बाजारातला असे. रशियन सेनापती आमच्या पेन्शनर सुभेदारांसारखा हिंदी मिसळून हुकूम सोडी, आणि कुठल्याही देशाची आई असो, ती म्हसवडकडची होई. मी एकदा त्यांना म्हणालो, की मूळ अर्थापासून आपण दूर तर जात नाही ना? बाईंना हा प्रश्न आवडला नाही.

"सर, अर्थाला मी बोट लावत नाही," त्या म्हणाल्या. "पण माणूस बोलला की तो कुठल्या तरी गावचा होतो. बिनगावाचा माणूस मी तरी ऐकलेला नाही."

ही कला त्यांनी कुठल्या विद्यापीठात मिळवली नव्हती. म्हसवडजवळच्या एका मेंढपाळ घरात त्यांचा जन्म झाला. वसतिगृहात राहून मॅट्रिक झाल्या, लष्कराच्या सिग्नल दलातल्या हवालदाराशी लग्न झाले, आणि काही वर्षे उत्तरेकडच्या एका छावणीत गेली. तिथे शनिवारी जवानांना इंग्रजी सिनेमा दाखवीत. रविवारी सकाळी वसाहतीच्या नळावर घागरी भरेपर्यंत बाई तो सगळा सिनेमा इतर जवानांच्या बायकांना सांगत. "नळाला पाणी बारीक यायचं, म्हणून मला गोष्ट लांबवायची सवय लागली," असे त्या म्हणत. पुढे हवालदारसाहेबांची बदली सरहद्दीवर झाली, बाई साताऱ्यास आल्या, पदवी घेतली, शिक्षिका झाल्या.

मी ज्या काळाविषयी लिहितो आहे, त्या काळी त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त व्हायच्या होत्या. सेवाज्येष्ठतेने ती जागा विरकरबाईंची होती आणि ती आपल्याला हवी आहे, हे त्या लपवीत नसत. "हवी असलेली गोष्ट नको म्हणण्याइतकी मी चांगली नाही, सर." कारणही त्या सांगत. त्यांच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी मुलीला चार वाक्ये बोलायला लावीत. मेढ्याकडची, माणदेशाकडची मुलगी 'न्हाई', 'व्हय' म्हणाली की गुण न पाहता तिला शेवटच्या तुकडीत टाकीत. "त्या खुर्चीत बसून मला एवढी एकच गोष्ट मोडायची आहे. मग खुर्ची मोडली तरी चालेल."

आणीबाणीचा पहिला हिवाळा होता. वर्तमानपत्रांचे स्तंभ कधी कोरे, कधी फार गोड येऊ लागले होते. त्याच सुमारास आमच्याकडे एक युरोपीय चित्रपट आला. चार रिळांचा, काळा-पांढरा. त्यात एक नगर होते. त्या नगराचा कारभार एका यंत्राकडे दिलेला होता. नगरात घड्याळे नव्हती. वेळ काय झाली हे घराघरांत यंत्राचा आवाज सांगे. कधी उठायचे, काय खायचे, कोणाशी लग्न करायचे, हेही तोच आवाज सांगे आणि प्रत्येक आज्ञेनंतर सारे नगर एका सुरात 'होय' म्हणे. नदीवरचा पूल राखणारा एक साधा माणूस एके सकाळी 'होय' म्हणायचे विसरतो, आणि त्या विसरण्यापासून गोष्ट सुरू होते.

मी मंडळाचा अध्यक्ष आणि महाविद्यालयातला साहित्याचा प्राध्यापक. चित्रपटापूर्वी प्रास्ताविक करणे माझ्याकडे असे. या प्रकारच्या कलाकृतींवर मी बरेच वाचले होते. महायुद्धे, कारखाने, एकतंत्री राजवटी यांतून युरोपच्या मनात जे भय साचले, तेच भविष्यातल्या नगरांचे रूप घेऊन पडद्यावर आणि कादंबऱ्यांत उतरते. यंत्राची भीती ही खरे तर यंत्र ज्याच्या हाती आहे त्याची भीती असते, असे काही मी लिहून आणले होते. बाईंना ते वाचून दाखवले. त्यांनी मन लावून ऐकले.

"भाषण उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "फक्त शेवटी करा. तुम्ही समजावून सांगितलं की लोकांना भीती वाटायची बंद होते."

मी हसलो खरा. पण ते वाक्य माझ्या अध्यापनाच्या सगळ्या वर्षांवरचा शेरा आहे, असे मला त्यानंतर अनेकदा वाटले आहे.

बाईंची अडचण निराळीच होती. यंत्राला गाव कुठले द्यायचे, हे त्यांना सुचत नव्हते. मूळ चित्रपटातला आवाज थंड, धातूसारखा होता. तसे बोलून पाहिले की त्यांचे त्यांनाच खोटे वाटे. "असं कोणी बोललं तर आपली माणसं ऐकतील होय? शेळीसुद्धा वळणार नाही," असे त्या पुटपुटत. दोन-चार दिवस स्टुलावर बसून त्यांनी निरनिराळे आवाज काढून पाहिले. मग एका दुपारी त्या शाळेतून परस्पर माझ्या घरी आल्या. चेहऱ्यावर राग होता की आनंद, मला ओळखता येईना.

त्यांच्या संस्थेच्या चिटणिसांनी त्यांना बोलावून घेतले होते. चिटणीस वयोवृद्ध, गोड स्वभावाचे. त्यांनी चहा मागवला, हवालदारसाहेबांची चौकशी केली, आणि म्हणाले, की बाई, तुम्ही मला मुलीसारख्या. दिवस बरे नाहीत, त्या सिनेमाच्या मंडळातून अंग काढून घ्या. तुमच्या भल्यासाठीच सांगतो आहे. तुमची खुर्ची आम्ही जपून ठेवली आहे, तुम्ही कशाला काळजी करता, काळजी करायला आम्ही बसलो आहोत. आणि शेवटी पाठीवर हात ठेवल्यासारख्या आवाजात म्हणाले, "म्हणा बघू, हो."

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारले.

"चहा संपवला," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून हळू म्हणाल्या, "सर, यंत्राचं गाव सापडलं. ते परगावचं नाहीच. ते आपल्या घरचं आहे."

मी त्यांना परोपरीने सांगून पाहिले. या एका चित्रपटापुरते दुसऱ्या कोणाला तरी बसवू, जूनमध्ये तुम्ही मुख्याध्यापिका झालात की पुन्हा सुरू करू, असे म्हणालो. माझ्या तोंडून 'तुमच्या भल्यासाठी' हे शब्द निघाले नाहीत, एवढेच. बाकी सूर तोच होता, हे मला बोलता बोलताच ऐकू आले आणि मी गप्प झालो. बाईंनी ते पाहिले, पण माझी लाज राखून त्या दुसरेच काही बोलल्या.

चित्रपट दाखवण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर: मराठीतून जे बोलले जाईल त्याचा मजकूर आधी दाखवायचा. ज्या अधिकाऱ्यांकडे हे काम होते ते मेढ्याकडचे, चाळिशीतले, सज्जन गृहस्थ. मी आणि बाई मजकूर घेऊन गेलो. त्यांनी पानोपान वाचला. यंत्राची वाक्ये अशी होती: 'ऊठ बाळा, उजाडलं. दोन घास खाऊन घे. बाहेर गारठा आहे, पुलावर उगाच उभा राहू नकोस. कोणाशी काय बोलावं हे तुला कळत नाही, मला कळतं. काळजी करायला मी बसलोय ना? म्हण बघू, होय.' ते वाचताना साहेबांचा चेहरा निवळत गेला. यात आक्षेपार्ह काहीच नाही, उलट वडीलधाऱ्याची माया आहे, असा चित्रपट शाळांनाही दाखवावा, असे ते म्हणाले. बाईंनी मान खाली घालून आभार मानले.

प्रयोगाच्या दिवशी साहेब पहिल्या रांगेत बसले. वकील, प्राध्यापक, दुकानदार, मागच्या बाकांवर नेहमीचे पेन्शनर. पडद्यावर एकसारखे कोट घातलेली शेकडो माणसे लांबच लांब टेबलांशी बसली होती, एकाच वेळी चमचे उचलत होती, आणि बाई अगदी मऊ आवाजात म्हणत होत्या, "पोटभर जेव बाळा. उरवू नकोस. मी बघतोय." सुरुवातीला दोन-तीन जण हसले. मग कोणी हसले नाही. बाईंनी आवाज कुठेही चढवला नाही. जसजसे पडद्यावर भयंकर घडत गेले तसतसा तो अधिकच मायाळू होत गेला. पूल राखणाऱ्याच्या मित्राला रात्रीतून नेले, त्याची रिकामी खाट दिसली, आणि आवाज म्हणाला, "तो गावाला गेलाय. तू निज." तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारे सुभेदार उठून उभे राहिले.

"आवं बाई, थांबवा त्ये," ते काकुळतीने म्हणाले. "लय ग्वाड बोलतंया. माजं डोळं मिटाया लागल्यात."

कोणी त्यांना खाली बसा म्हटले नाही. तिसऱ्या रिळाअखेर साहेबांनी हात वर केला आणि दिवे लावायला सांगितले. ते बाईंच्या स्टुलाशी आले. कागदावर वाचले तेव्हा हे असे वाटले नव्हते, असे म्हणाले.

"शब्द तेच आहेत, साहेब."

"तेच तर म्हणतोय मी." साहेबांनी घाम पुसला. ते रागावलेले नव्हते. मला वाटते, त्यांना त्यांचेच कोणी तरी आठवले असावे. पुढच्या रविवारी हाच चित्रपट सांगलीला होता. तिथे दाखवा, पण यंत्राला यंत्रासारखे बोलू द्या, असे त्यांनी बजावले. "ही घरगुती भाषा नको. कडक बोला. सरकारी."

"सरकारी?" बाईंनी अतिशय नम्रपणे विचारले.

"म्हणजे औपचारिक," साहेब घाईने म्हणाले.

सांगलीला नाटकाच्या तालमी होत त्या सभागृहात खेळ होता. रिळांचे डबे एसटीच्या टपावर टाकून आम्ही गेलो. साहेबांची आज्ञा पाळायची हे बाईंनी ठरवले होते, आणि ती त्यांनी अक्षरशः पाळली. पडद्यावर पहाट झाली, आणि बाई कोऱ्या, सपाट आवाजात म्हणाल्या, "सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, त्यांनी सकाळी आनंदी असावे. कसूर झाल्यास गंभीर दखल घेतली जाईल."

सांगलीचे प्रेक्षक म्हणजे जन्मापासून नाटके पाहिलेले. सबंध सभागृह हशाने फुटले. मागून कोणी तरी ओरडले, "किती प्रतींत?" बाईंच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "उपरोक्त विवाह मंजूर करण्यात येत आहे. वधूने सही करून उभे राहावे." लोक एकमेकांच्या खांद्यांवर डोकी ठेवून हसत होते. यंत्र घरचे झाले तेव्हा साताऱ्याला भीती वाटली होती. ते कचेरीतले झाले आणि सांगलीची भीती गेली. यापैकी अधिक धोक्याचे काय, हे ज्यांना कळायचे होते त्यांना कळले असावे. कोणी तरी कोणाला तरी निरोप पाठवला, आणि तिसरे रीळ संपताच दिवे लागले ते लागलेच. चौथे रीळ दोन्ही गावांत डब्याबाहेर आले नाही.

पुढच्याच आठवड्यात बाईंची बदली झाली. संस्थेची म्हसवडला शाळा होती. तिथे साध्या शिक्षिकेच्या जागी. कारण 'शैक्षणिक निकड' असे होते. मंडळ बंद झाले. मंडळाच्या प्रत्येक कागदावर सही माझी होती, आणि बदली बाईंची झाली. माझा पगार पहिल्या तारखेला होत राहिला.

मी त्यांना पोहोचवायला स्टँडवर गेलो होतो. पत्र्याची ट्रंक टपावर चढत होती. "शिक्षा म्हणून बाईला माहेरी पाठवणारे हे पहिलेच बघा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. पण गाडी सुरू झाली तशा खिडकीतून वाकून म्हणाल्या, "जूनमध्ये मेढ्याच्या मुली येतील, सर. कोणी तरी तिथे उभं राहा." मी जूनमध्ये गेलो, उभा राहिलो. दोन मुलींची तुकडी बदलून घेता आली. बाईंनी अधिक घेतल्या असत्या.

आणीबाणी उठली. निवडणुका झाल्या. संस्थेत नवी माणसे आली, आणि एके दिवशी कळले की विरकरबाईंना साताऱ्यास मुख्याध्यापिका म्हणून परत बोलावले आहे. आमचे मंडळही पुन्हा उभे राहिले होते. पहिला चित्रपट कोणता आणायचा यावर चर्चा झालीच नाही. खेळाच्या दिवशी बाई म्हसवडहून एसटीने आल्या, चपला स्टुलाखाली सारल्या, आणि आम्ही चारही रिळे पाहिली.

शेवट वाईट होता. पूल राखणारा पकडला जातो. त्याला काही करीत नाहीत, फक्त एका पांढऱ्या खोलीत आवाजाबरोबर ठेवतात. शेवटी सारे नगर चौकात उभे असते, यंत्र विचारते, आणि तोही सगळ्यांच्या सुरात 'होय' म्हणतो. पडदा पांढरा होतो. त्या एका 'होय'साठी बाईंना आवाज सापडेना; त्या नुसत्या ओठ हलवून थांबल्या. नंतर मी भाषण केले. अशा कलाकृती भविष्य सांगत नाहीत, इशारा देतात, असे म्हणालो. ते खरे आहे, पण त्या संध्याकाळी त्याने कोणाचे समाधान झाले नाही, माझेही नाही.

मे महिन्याच्या अखेरीस बाईंचे सामान आणायला मी म्हसवडला गेलो. त्यांचा मुक्काम चुलतीकडे होता. संध्याकाळी अंगणात पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. म्हसवडमध्ये थिएटर असले तरी असले चित्रपट तिथे कोठून येणार. पण बाईंनी दीड वर्षात या बायकांना पुष्कळ सिनेमे सांगितले होते, पडद्यावाचून. त्या नगराची तीन रिळे त्यांनी अनेकदा ऐकली होती; चौथे पडद्यावर उलगडल्याशिवाय बाई सांगत नसत. आता हौसा उद्या जाणार, तर राहिलेले सांगून जा, असा त्यांचा आग्रह होता. हौसा हे बाईंचे माहेरचे नाव. मी ते त्या दिवशी प्रथम ऐकले.

बाईंनी सांगितले. इथे सगळेच माणदेशी बोलत होते: पूल राखणारा, त्याचा मित्र, यंत्रही. पांढरी खोली आली तेव्हा बायकांनी पोरांना जवळ ओढून घेतले. मला वाटले होते, बाई शेवट बदलतील. निरोपाची वेळ, समोर आपली माणसे. कोणीही बदलला असता. पण अर्थाला बोट लावायचे नाही हा त्यांचा नेम होता. त्यांनी जसे होते तसे सांगितले आणि थांबल्या.

चुलती मशेरी लावत बसली होती. ती म्हणाली, "मग?"

"मग काय न्हाई, काकी. पडदा पांढरा झाला. संपला."

"संपला म्हंजी?"

"सिनेमा संपला."

"त्येंचा संपला आसंल," चुलती म्हणाली. "दुसऱ्या दिशी त्यो मानूस सकाळी उटला का न्हाई?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी साहित्याचा प्राध्यापक. मी चुलतीकडे पाहिले.

"उठला असंल की," बाई सावकाश म्हणाल्या.

"मग म्होरं सांग."

"मला ठावं न्हाई, काकी. तुमीच सांगा."

बायका सरसावून बसल्या. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाली, की त्याच्या बायकोने त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवायचे, उद्या 'होय' म्हणू नका. दुसरी म्हणाली, असे केले तर पुन्हा नेतील, तुझे डोके चालत नाही. यावर दोघींची जुंपली. तेव्हा ओट्यावर बाळाला पाजत बसलेली एक तरणी सून, जी इतका वेळ मान वर करून बोलली नव्हती, ती म्हणाली, "न्हाई म्हनायचं न्हाई आन् व्हय बी म्हनायचं न्हाई. येळ आली की समद्यांनी मिळून खोकायचं. खोकल्याला त्ये यंत्र काय करतंय?"

चुलतीने मशेरीचे बोट तोंडातून काढले, तिच्याकडे कौतुकाने पाहिले, आणि खोकली. मग दुसरी खोकली. मग सगळे अंगण खोकू लागले, पोरेसुद्धा, आणि त्या गदारोळात, जूनपासून मुख्याध्यापिका होणाऱ्या विरकरबाई ट्रंकेवर बसून, पदराने डोळे पुसत, सगळ्यांहून मोठ्याने खोकत होत्या.